बाबा, कान लावा

प्रिय मासोळी,

अनेक आशीर्वाद. हे पत्र आणि सोबतचा खोका तुझ्या घरमालकीणबाई वर आणून देतील. पत्र आधी वाच, खोका मग उघड. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पार्सल दिसलं की तू आधी चिकटपट्टीला नख लावतेस आणि कोणी पाठवलंय ते नंतर बघतेस. पण एवढं एकदा म्हाताऱ्याचं ऐक. आयुष्यभर मी गिऱ्हाइकापुढे आधी माल ठेवला आणि मग तोंड उघडलं. आज मला उलटं करायचं आहे, आणि सवय नसल्यामुळे जरा अडखळायला होतंय.

फोन का नाही केला, असं म्हणशील. केला की! परवा केला, काल केला. दोन्ही वेळा तू विचारलंस, "बाबा, आवाज असा का येतोय, बरं नाही का?" आणि मी "छे, लाइन खराब आहे" म्हणून तुझ्या खोलीतल्या गळक्या नळाची चौकशी केली आणि फोन ठेवून दिला. फोनवर माझं असंच होतं. समोरच्याने "असू दे हो बाबा" म्हटलं की मी लगेच असू देतो. कागद मध्ये बोलत नाही, हा त्याचा मोठा गुण.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो आणि त्या गुडघ्याच्या वतीने ती माझ्यावर कुरकुरते. दुकानासमोरचा रस्ता पुन्हा खणून ठेवलाय. गिऱ्हाईक फळीवरून तोल सावरत आत येतं, त्यामुळे हेल्मेटचं महत्त्व त्याला वेगळं पटवावं लागत नाही. आमचे चिरंजीव, म्हणजे तुझे यजमान, तू तिकडे राहायला गेल्यापासून घरात भाडेकरूसारखे वावरतात. स्वतःचा कप स्वतः विसळतात आणि कोणाला अडचण तर होत नाही ना, अशा चेहऱ्याने सोफ्याच्या कडेला बसतात. तुमचं दोघांचं गेल्या आठवड्यात फोनवर बोलणं झालं आणि त्याने मनातलं सगळं तुला सांगितलं, असं तो मला म्हणाला. बरं वाटलं. त्याने सांगितलं म्हणूनच मला पुढचं लिहिता येतंय, नाहीतर त्याची गोष्ट मी चोरून तुला सांगितल्यासारखं झालं असतं.

मुद्द्यावर येतो. रविवारी तुझी परीक्षा. नदीवरच्या बचावपथकात तुला घेतील की नाही ते त्या दिवशी ठरणार. जोडीजोडीने त्या चिंचोळ्या कयाक होड्या घेऊन खळाळात उतरायचं, एकाने मुद्दाम उलटायचं, दुसऱ्याने काढायचं, मग पाळी बदलायची. एवढं सगळं मला पाठ झालंय. त्यासाठी तुला नवं हेल्मेट हवं होतं आणि तू म्हणालीस, "बाबा, तुम्हीच निवडा. माझ्या निवडीवरचा माझा विश्वास उडालाय." हसत म्हणालीस, पण माझे कान तुला माहीत आहेत. शेवटच्या शब्दाला आवाज बसला तुझा. ते वाक्य हेल्मेटबद्दल नव्हतं, लवंगीबद्दल होतं. पुढे मी विचारलं, जोडीला कोण? तर म्हणालीस, "देतील कोणीतरी. कोणीही चालेल." उंचीने तुझ्या खांद्याला लागणारी आणि जिभेने गावाला पुरून उरणारी ती लवंगी, जिच्याशिवाय कॉलेजपासून तू पाण्यात पाय घातला नाहीस, उलटलेल्या कयाकखालून जिने तुला ओढून काढलं आणि वर आल्यावर नाकात पाणी गेलं म्हणून शिव्याही दिल्या, तिच्या जागी 'कोणीही'.

तर हेल्मेट. मी म्हटलं, यात काय मोठं! रस्त्याच्या कडेला प्लास्टिक अंथरून विकायला बसलो तेव्हापासून किती डोकी या हातांखालून गेली असतील. माणूस दारातून आत शिरला की मला त्याचा नंबर कळतो, काहींचा स्वभावही. म्हणून दुकानातलं सगळ्यात भारी हेल्मेट, बंद तोंडाचं, काचेचं, काखेला मारून मी ऐटीत तुझ्या कोचकडे गेलो. तो पोहण्याच्या तलावात नवशिक्यांना शिकवत होता. हेल्मेट बघून त्याने हसू दाबलं. "काका, हे कोणाला?" म्हटलं, "मासोळीला. याच्यापेक्षा मजबूत बाजारात नाही." म्हणाला, "असेल. जरा हे घालून पायरीवर बसा आणि डोकं बुडवून बघा." माझ्या वयाचा आणि पोटाचा मान न ठेवता मी बसलो, बुडवलं. अगं, बादलीसारखं भरलं ते! वर यायला गेलो तर अख्खी बादली मानेला लटकलेली, नाकात पाणी, काचेच्या आत पाणी, आणि त्या बुडबुड्यांतून मला पोरापोरींचं खिदळणं मात्र स्वच्छ ऐकू येतंय. तलावाचं पाणी शांत होतं. तुझ्या नदीने त्या बादलीला धरून मान पिरगळली असती. कोचने टॉवेल दिला, चहा दिला आणि मग समोर बसवून शाळेतल्या पोरासारखं शिकवलं.

रस्त्यावरचं हेल्मेट एकदाच मरायला तयार असतं, असं तो म्हणाला. आतला कडक फोम एका मोठ्या दणक्यात स्वतः चेचला जातो, डोकं वाचवतो आणि त्याचं काम संपतं. हे मलाही माहीत होतं. पण नदीत एका दणक्यावर भागत नाही. या खडकावर आपटलात की पुढचा वाटच बघत असतो. म्हणून आतला फोम दबून पुन्हा वर येणारा हवा, पाणी निथळून जायला भोकं हवीत, आणि कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू झाकलेली हवी. मग बसतं की नाही ते कसं बघायचं, तर पट्टा लावून कपाळाच्या कडेखाली तळवा लावायचा आणि मागे ढकलायचं. हेल्मेट टोपीसारखं मागे सरकलं आणि कपाळ उघडं पडलं, तर ते कितीही महाग असो, शोभेचं. डोकं हलवायचं, डोकं आणि हेल्मेट एकदमच हललं पाहिजे. आणि हे सगळं ओलं करून पुन्हा बघायचं, कारण आतल्या गाद्या भिजल्या की सैल पडतात. दुकानात घट्ट वाटलेलं नदीत डुगडुगतं. हे ऐकताना मी मान डोलावत होतो आणि मनात म्हणत होतो, इतकी वर्षं हेल्मेट विकून आपल्याला ओल्या डोक्याचं काही माहीत नव्हतं.

मग प्रश्न आला कानांचा. काहींना कानावर झाकण असतं, काहींना नसतं. मी म्हटलं, उघडेच बरे, माणसाला ऐकू आलं पाहिजे. कोच म्हणाला, "काका, त्या गर्जनेत कोणी काय ओरडलं ते तसंही कळत नाही. तिथे शिट्टी, हाताची खूण आणि जोडीदाराचं तोंड. ते तोंड ओळखीचं असलं की निम्मं काम झालं." तो साधं बोलला. त्याला काय ठाऊक, मला कुठे लागलं ते. चहा अर्धा टाकून मी उठलो.

माप घ्यायला तुझं डोकं इथे नव्हतं. तुझं डोकं साधंसुधं नाही. पुढून मागे लांबट, बाजूंनी चपटं, आणि आत काय भरलंय ते आपल्या घरात सगळ्यांनी अनुभवलंय. गोल घाटाचं हेल्मेट त्यावर झोपाळ्यासारखं हलतं. म्हणून मी दुकानाच्या पोटमाळ्यावरून तुझं जुनं, लाल हेल्मेट खाली काढलं. त्याच्या आत तुझ्या डोक्याचा ठसा जसाच्या तसा आहे. चिंध्या ठासून, वरून कापड आवळून मी त्याच्या मापाचं एक गाठोडं बांधलं. आई डबा घेऊन आली, तर काउंटरवर ते गाठोडं आणि त्याच्याशी मी गप्पा मारल्यासारखा बसलेला. "हे काय, सुनेचं डोकं वळताय?" म्हणाली. मग काय वाटलं कोणास ठाऊक, खडूने त्यावर दोन भुवया काढून गेली. एक वर, एक खाली, तू रागावतेस तेव्हा असतात तशा.

त्या भुवयांसमोर मी कोचने सुचवलेली नवी हेल्मेटं एकेक करून चढवली. एक बाजूला कलायचं. एक कपाळावरून मागे सरकायचं. एकाचं मागचं चाक आवळलं की कानशिलं उघडी पडायची. एक मात्र जवळपास बसलं. निळं आहे, खोक्यात आहे. बादलीत भिजवूनही बघितलं, गाठोड्याला दोरी बांधून हिसकेही दिले. पण खरं सांगू का, प्रत्येक वेळी नवं काढून जुनं लाल चढवलं की असं बसायचं, जसं कुलपात किल्ली. भोकं जिथे हवीत तिथे. फोम दाबला की वर येणारा. कपाळ झाकलेलं. कोचने मला जे जे शिकवलं, ते सगळं त्या लाल हेल्मेटात आधीपासून होतं. तू ते निवडलंस तेव्हा मी म्हटलं होतं, "हे काय, चाळण आहे का?" आठवतं? तुझी निवड चुकली नव्हती, मासोळी. हेल्मेटाची नाही आणि माणसाचीही नाही.

आता कानाबद्दल बोलायला हवं. मी टाळतोय, पण बोलायला हवं. तुला माहीत आहे, दुकान काढण्याआधी मी चिनी मातीच्या भांड्यांच्या गोदामात कामाला होतो. कपाला नखाने टिचकी मारायची; टिंग वाजला की पेटीत, ठप् वाजला की बाजूला. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला सापडते, हे तिथे शिकलो. हेल्मेटाच्या धंद्यात तेच भांडवल झालं. बोटाच्या पेरांनी कवच वाजवायचं, मग दोन्ही हातांनी दाबून कान लावायचा. आत कुरकुर झाली की गेलं. पडलेलं, आपटलेलं हेल्मेट घेऊन लोक लांबून येतात, केवळ माझा कान लागावा म्हणून. आणि गेलंय म्हटलं की त्याचा पट्टा मी स्वतः कापतो, मालकाच्या समोर. कारण फेकलेली हेल्मेटं उचलून, पुसूनबिसून विकणारे मी रस्त्यावर बघितलेत. पट्टा कापलेलं कोणी विकू शकत नाही. माझ्या शब्दावर आजवर एकानेही वाद घातलेला नाही. माणूस गप्प उभा राहतो, मी कात्री चालवतो, आणि तो नवं घेतो किंवा न घेता जातो. न घेता गेला तरी मला चालतं. म्हणून तर शब्द टिकला.

लग्न होऊन आलीस तेव्हापासून प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला तू ते लाल हेल्मेट काउंटरवर ठेवायचीस आणि म्हणायचीस, "बाबा, कान लावा." मला त्याचा किती अभिमान होता, ते मी कधी बोललो नाही. स्वतःची मुलं बापाच्या धंद्याला नाकं मुरडतात. सून येऊन त्याच्यापुढे डोकं ठेवते, असं मला वाटायचं. यंदाही तू आलीस. मोठ्या नदीवरची ती मोहीम, जिच्यासाठी तू वर्षभर दंड कमावलेस, अगदी तोंडावर होती. आधी तू तापाने पडलेली असताना लवंगी, तिचं दुरुस्तीला होतं म्हणून, तुझं हेल्मेट घेऊन एक फेरी करून आली होती, तिच्याकडूनच ते तुझ्याकडे परत आलं होतं. तू ठेवलंस, म्हणालीस, "बाबा, कान लावा."

त्याच सकाळी मी ओट्यापलीकडच्या बोळकांडीत बुटाची नाडी बांधत होतो आणि आत स्वयंपाकघरात चिरंजीव आईला सांगत होता, "आई, मी आता काठावर उभा नाही राहणार. ती उलटते ना, तेव्हा मी श्वास धरतो. ती वर येते तरी मला तो सोडता येत नाही. तिला सांगू नकोस." पोरगा रडत नव्हता. रडला असता तर परवडलं असतं. कोरडा, लाकूड घासल्यासारखा आवाज होता. माझे कान असे तिखट नसते तर किती बरं झालं असतं. ऐकलं, नाडी बांधली, दुकानात आलो. पण आपला स्वभाव असा, की घरात काही अडलं की कोणाला न बोलता, न दुखवता, बाहेरच्या बाहेर मिटवून टाकायचं. गिऱ्हाइकाशी करतो तसं. सगळ्यांना वाटावं आपलंच ठरलं. यालाच मी आजवर हुशारी म्हणत आलो.

मी तुझं हेल्मेट वाजवलं. स्वच्छ वाजलं. दाबलं, कान लावला. आत काही नाही. तू समोर उभी, ओल्या केसांची, डोळे माझ्या तोंडाकडे. आणि मी म्हटलं, "गेलंय."

बस्स, एवढा एक शब्द. मला वाटलं, एक मोहीम चुकेल, पोराला थोडी उसंत मिळेल, मग बघू. नवं हेल्मेट चार दिवसांत बसवून सरावाचं होत नाही, हे मला माहीत होतं आणि अनोळखी हेल्मेट घालून तू त्या पाण्यात उतरणार नाहीस, हेही. तू वाद घातला नाहीस. मग ड्रॉवरमधली कात्री काढून तूच माझ्या हातात दिलीस. "कापा बाबा. रिवाज तो रिवाज." ती कात्री चालताना जो आवाज झाला, तो हेल्मेटाच्या कुठल्याही आवाजासारखा माझ्या कानात बसलाय. चांगल्या हेल्मेटाचा पट्टा मी त्या दिवशी पहिल्यांदा कापला.

खोटं बोलताना मी एकच हिशेब चुकलो, पण तोच मोठा होता. हेल्मेट आपोआप जात नाही. गेलं म्हटलं की कोणीतरी आपटलेलं असतं. तू घरी न जाता थेट लवंगीकडे गेलीस. ती म्हणाली, मी नाही आपटलं. तू म्हणालीस, बाबांचा कान चुकत नाही. ती शपथ घेत होती आणि तू माझं नाव घेत होतीस. हे मला नंतर कळलं, आणि कळूनही मी बोललो नाही. म्हटलं, मैत्रिणी आहेत, आज भांडतील, उद्या गळ्यात पडतील. तू मोहिमेला गेली नाहीस, ती गेली. आणि तुझ्या मनात पक्कं बसलं, की जिने माझं हेल्मेट फोडून लपवलं तीच माझ्या जागी जाऊन आली. त्यावर तिचं तोंड बघायला नको म्हणून तू तिकडे खोली घेऊन राहिलीस.

याच्यापुढचं तुला माहीत नाही. मोहिमेवरून आल्यावर लवंगी दुकानात आली. खांद्याला पिशवी, नाक उन्हाने सोललेलं. तिची ती नेहमीची फटाफट भाषा नव्हती. म्हणाली, "काका, ते हेल्मेट असेल ना अजून? माझ्यासाठी एकदाच वाजवून बघा. चूक झाली असेल असं नाही म्हणत मी. फक्त एकदा." ते माझ्या डोक्यावर पोटमाळ्यात होतं. हात वर केला असता तर मिळालं असतं. आणि मी, मासोळी, मी तिला म्हटलं, "पट्टा कापलेलं हेल्मेट मी परत वाजवत नाही." दुकानदाराच्या आवाजात म्हटलं. तिने खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाली, "बरोबर आहे काका. मलाच कळलं नसेल. कुठेतरी आपटलं असणार माझ्या हातून." माझ्या एका खोट्यापायी त्या पोरीने स्वतःचा खरेपणा मोडीत काढला आणि वर मला नमस्कार करून फळीवरून रस्त्यापलीकडे गेली.

त्यानंतर मी चहा पिण्याआधी कप वाजवून बघायला लागलो. मला पत्ता नव्हता. आईने पकडलं. "अहो, घरातले कप तुम्हीच आणलेत. काय झालंय तुम्हाला?" तिला सांगितलं. तिने ओरडायला हवं होतं. ती नुसती म्हणाली, "पोराला दुखू नये म्हणून दोन पोरींना दुखवलंत. आणि पोराला विचारलंत का, त्याला हे हवं होतं का?" मग त्यालाही सांगितलं. तो माझ्याशी तीन दिवस बोलला नाही, आणि चौथ्या दिवशी बोलला ते तुझ्याशी, फोनवर, श्वासाचं. माझ्याबद्दल त्याने तुला काही सांगितलं नाही. "ते तुमचं तुम्ही सांगा," म्हणाला. बरोबर आहे त्याचं.

परवा मी लवंगी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत आरशांच्या भिंतीसमोर उभा राहिलो. जिकडे बघावं तिकडे मीच, सुटका नाही. मग सगळं सांगितलं. ती एक काच पुसत होती, तीच पुसत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी आपटलंच नव्हतं?" म्हटलं, नाही. "नक्की?" नक्की. ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. म्हणाली, "काका, मला तो खडक आठवायला लागला होता. कुठल्या वळणावर, कसं आपटलं, सगळं मी मनात रचून ठेवलं होतं. म्हणजे तिला निदान माफी तरी नीट मागता येईल." मग तिच्यातली मूळची लवंगी जागी झाली. "तुमचा तो कान सोन्याने मढवा आणि दुकानाबाहेर टांगा," म्हणाली. "आणि मला कशाला सांगताय? माझं मला आता कळलं. जिला सांगायचं तिला सांगा."

लाल हेल्मेटाला कंपनीकडूनच अख्खा नवा पट्टा मागवून बसवून घेतलाय. कापलेला शिवलेला नाही. कोचने स्वतः तपासलं, पट्ट्याला लोंबकळून बघितलं. त्यालाही खरं सांगितलं, म्हणजे तो माझ्या शब्दावर विसंबला नाही. खोक्यात दोन्ही आहेत, माझं निळं आणि तुझं लाल. तू वाजव. दाब. तुझा कान लाव. भिजवून, तळव्याने ढकलून बघ आणि जे तुझ्या डोक्याला पटेल ते घाल. माझ्यावर विश्वास ठेवून काहीच घालू नकोस. दुकानात मी हल्ली गेलेलं हेल्मेट मालकाच्या हातात देतो, त्यालाही ऐकवतो, आणि त्याला ऐकू आल्यावरच कात्री उचलतो. लोकांना वाटतं, म्हातारा बहिरा व्हायला लागला. वाटू दे.

माफी मागतोय, पण ती आज दे असं म्हणत नाही. हे पत्र त्यासाठी लिहिलेलंच नाही. पोस्टाने पाठवणार होतो, पण लवंगीने ते माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाली, पोस्टावर आणि तुमच्यावर आता माझा भरवसा नाही, मीच नेते. या शेवटच्या ओळी तिला थांबवून लिहितोय. म्हटलं, वर जाऊन सरळ भेट तिला. तर म्हणाली, "नाही काका. तिने वाचायच्या आधी मी समोर गेले तर ती दार लावेल, आणि मग मी तिला कधीच ओढून काढू शकणार नाही. तिने खाली येऊन हाक मारली तर वर जाईन, नाहीतर रात्रीच्या गाडीने परत." तू हे वाचतेस तेव्हा ती तुझ्या घरमालकीणबाईंच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आहे. मांडीवर तिचं स्वतःचं हेल्मेट असेल, कारण कोचने रविवारच्या जोडीत तुझ्यासमोरचं नाव अजून लिहिलेलं नाही. सुरुवातीला मी तुला म्हटलं, पत्र आधी वाच आणि खोका मग उघड. खोका राहू दे, पोरी. आधी खाली जा.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
बाबा